देवांचा लोहार आणि काडीमोड

अण्णा आयर्लंडला आले तेव्हा पहिला आठवडा त्यांनी खिडकीत बसून काढला आणि दुसऱ्या आठवड्यात घरमालकिणीच्या किटलीवर माझं नाव घातलं.

मी ऑफिसातून आले, चहा टाकायला गेले, तर किटलीच्या मुठीखाली ठिपक्याठिपक्यांनी माझं नाव, पुढे अण्णांचं नाव, मग आडनाव. तव्याच्या दांड्यावर तेच. दोन पातेली, चिमटा, गाळणी, सगळीकडे मीच.

"अण्णा, ही भांडी आपली नाहीत. भाड्याच्या घराबरोबर आलीत."

"मग काय झालं? तू हाईस तवर तुझीच."

"मी सांगत हुते," आई म्हणाली. "ऐकतंय कोण? सकाळधरनं ठक ठक, ठक ठक. खालचा गोरा दोनदा मान वर करून बघून गेला."

घरमालकिणीला मी फोन करून सांगितलं आणि माफी मागितली. ती हसली. "यू आर ग्रँड," म्हणाली, आणि वडिलांची तब्येत विचारली. इथे कशालाही ग्रँड म्हणतात. अण्णांना तो शब्द आवडला. पाऊस कसा आहे? ग्रँड. गुडघा कसा आहे? ग्रँड.

आमच्या तालुक्याच्या गावात अण्णा भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालतात. छोटी हातोडी आणि टोकदार छिन्नी. आता विजेवरचं यंत्रही आहे, पण लग्नाच्या भांड्यांना लोक अजून हातोडीचं नाव मागतात. गावातलं कुठलंही लग्न त्या पायरीवरून जातं. कुणाची मुलगी कुठे दिली, मामानं काय दिलं, कुणी पातेलं परत आणून नाव खोडायला सांगितलं, हे अण्णांना सगळ्यांच्या आधी कळतं. त्या ठिपक्यांवर मी इंजिनियर झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आज चेरीवूडच्या ऑफिसात कार्ड दाखवून आत जाताना मला त्या ठक ठक आवाजाचं ऋण वाटतं. ते फेडता येईल असं वाटत नाही, आणि फेडायचं आहे असंही नाही.

किटलीचं ते घडलं तेव्हा अण्णांच्या हातांना फक्त काम नव्हतं. खरी बेचैनी नंतर आली, मी त्यांना डॉक्टरबद्दल सांगितल्यावर.

डॉक्टर मला भेटला तो नागड्या देवांमुळे. हे वाक्य मी आईला कधी म्हणणार नाही, पण खरं ते तेवढंच. शहरातल्या एका ग्रंथालयात शनिवारी सकाळी व्याख्यानं असायची. जुनी युरोपातली छापचित्रं आणि त्यातल्या देवांच्या प्रेमकथा असा विषय होता. मी गेले कारण ती फुकट होती, आणि शनिवारी घरात एकटं बसलं की मला कोंडल्यासारखं व्हायचं. शिकवणाऱ्या बाई स्वतः छापचित्रं करायच्या. पांढरे केस, नखांत कायमची काळी शाई. मी मनातल्या मनात त्यांना 'बाई'च म्हणायचे, शाळेतल्यासारखं. आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला गणित घ्यायचे. त्यामुळे त्यांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं ते सगळंच मला नवं होतं.

तांब्याच्या पत्र्यावर बारीक कोरणीनं रेघा कोरायच्या. खाचांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची. ओला कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचा. एका पत्र्यातून शेकडो कागद निघतात. पाचशे वर्षांपूर्वी इटलीत आणि जर्मनीत ही कला बहराला आली, आणि जुन्या ग्रीक-रोमन देवांच्या भानगडी, ज्या आधी राजवाड्यांच्या भिंतींवर होत्या, त्या तळहाताएवढ्या कागदावर वाण्या-व्यापाऱ्याच्या घरात पोचल्या. आमच्याकडे दुकानांच्या कॅलेंडरवरून लक्ष्मी घरोघर जाते, तशा. फक्त आमची लक्ष्मी नऊवारीत असते.

सुरुवातीला मी ती चित्रं वहीच्या आडून पाहायचे. कुणाच्याच अंगावर काही नाही. देवांचा राजा बैल होऊन मुलीला पाठीवर घेऊन समुद्रात शिरलेला. सूर्यदेव एका मुलीमागे धावतोय आणि ती धावता धावता झाड होतेय, बोटांना पानं फुटलेली. बाई म्हणायच्या, अंग पाहू नका, रेघ पाहा. कुठे जाड होते, कुठे केसासारखी होते, मांडीची गोलाई नुसत्या आडव्या रेघांनी कशी येते ते पाहा. मी रेघा पाहायला लागले. मग हळूहळू लाजही गेली.

त्या बैलाच्या चित्रापाशी माझ्या शेजारची खुर्ची मराठीत पुटपुटली, "हे सगळे पळवूनच नेतात काय? विचारत कोणीच नाही."

मी इतक्या जोरात हसले की बाई थांबल्या.

तो शहराच्या टोकाला, टॅलाच्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर होता, नागपूरकडचा. ड्यूटी संपवून थेट आला होता, कारण रिकाम्या खोलीवर जायचं जिवावर आलं होतं. दुसऱ्या भेटीत, मी काही विचारायच्या आधी, त्यानं सांगून टाकलं की त्याचं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. "तिला इकडे यायचं नव्हतं, मला तिकडे राहायचं नव्हतं. दोन वर्षं फोनवर भांडलो. मग थकलो." इतकंच. नंतर पुष्कळ दिवस आम्ही फक्त शनिवारी भेटत होतो. मग शनिवार पुरेना.

आई-अण्णा आले की समोरासमोर सांगायचं, असं मी ठरवलं होतं. एका रविवारी पोहे झाल्यावर सांगितलं. मुलगा डॉक्टर आहे म्हटल्यावर आईचा चेहरा उजळला. घटस्फोटित आहे म्हटल्यावर तो तसाच अर्धवट राहिला.

"प्वार-बाळ?"

"नाही."

"मग मोडलं कशापायी?"

मी सांगितलं. आई अण्णांकडे बघायला लागली. अण्णांनी कपातला चहा तळापर्यंत प्यायला, उठले, नळ सोडला आणि कप विसळला. मग माझा कप विसळला. मग आधीच घासून ठेवलेल्या ताटल्या पुन्हा विसळायला घेतल्या.

त्या दिवसापासून या विषयावर एक शब्द नाही. बाकी सगळं बोलायचे. तीन रंगांचे कचऱ्याचे डबे, गल्लीतलं मांजर, इथली माणसं उन्हात छत्री विसरतात आणि पावसात टोपीही घालत नाहीत, सगळं. डॉक्टर सोडून. आणि चालायचे. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. बाहेर जाऊन ट्रामच्या थांब्यावर उभे राहायचे, ट्राम गेली की परत यायचे. खालच्या मजल्यावरच्या माणसानं एकदा मला विचारलं, तुझे वडील कुणाची वाट बघतात का?

वाट मी बघत होते. संध्याकाळी दार उघडलं की पहिल्यांदा त्यांचा चेहरा वाचायचे. ऑफिसात कोड लिहिताना मध्येच हात थांबायचा. घरी आई काय बोलली असेल, अण्णांनी काय उत्तर दिलं असेल? डॉक्टर दुपारी फोन करायचा, "काही?" मी म्हणायचे, "काही नाही." दोघांनाही या उत्तराचा राग यायचा आणि तो कुणावर काढावा हे कळायचं नाही.

"मी विचारते त्यांना आता," एकदा मी आईला म्हटलं.

"इचारू नगंस. त्यांनी न्हाई म्हनलं की मग न्हाईच. आजून म्हनलं न्हाईत न्हवं?"

कायद्यानं मला कुणाची परवानगी नको होती. इथल्या कचेरीत अर्ज केला, मुदत पाळली की लग्न होतं. पण परतीच्या विमानानंतर अण्णा त्या पायरीवर जाऊन बसणार होते. तिथे सगळं गाव येतं आणि गाव विचारतंच. त्यांनी मान खाली घालून दुसऱ्यांच्या मुलींची नावं कोरत बसावं, हे मला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. आणि डॉक्टरला सोडायचं हेही आणवत नव्हतं. विमानाचा दिवस जवळ येत होता.

बाईंनीच सुचवलं. व्याख्यानांच्या शेवटी त्यांच्या कार्यशाळेत एक खुला शनिवार असे. जुनी चित्रं टेबलावर मांडणार होत्या, आणि ज्याला हवं त्यानं तांब्याचा तुकडा घेऊन स्वतः कोरून बघायचं. "तुझे वडील धातूवर कोरतात ना? घेऊन ये की त्यांना."

आई आली नाही. कार्यक्रमाच्या पत्रकावरचं चित्र तिनं पाहिलं होतं. "मला न्हाई बघायची उघडी माणसं. तुमी बापलेक जावा."

ट्राममध्ये जागा असून अण्णा उभेच होते. कार्यशाळेत शिरताच मात्र त्यांच्या अंगात जरा जान आली. तेल, शाई, धातूचा कीस यांचा वास होता. जुनी चित्रं काचेखाली एका लांब टेबलावर होती. अण्णांनी पहिलं चित्र पाहिलं आणि लगेच भिंतीवरचं घड्याळ पाहायला लागले. दुसऱ्यापाशी छत पाहिलं. मी बाजूला सरकले. बापाशेजारी उभं राहून व्हीनस पाहायची सवय मला तरी कुठे होती?

चौथ्या-पाचव्या चित्रापाशी ते थांबले.

"ह्यो हातोडीवाला कोन?"

चित्रात एक पलंग होता. त्यावर एक बाई आणि एक दणकट पुरुष, दोघांवर बारीक जाळं पडलेलं. पलंगाखाली पुरुषाचं शिरस्त्राण. डावीकडे कमरेला हातोडी खोचलेला, एका पायानं अधू असा म्हातारासा माणूस जाळ्याचं टोक ओढून धरणारा. वर ढगांत देवांची गर्दी, वाकून पाहणारी. एकानं तोंडावर हात धरलेला.

"देवांचा लोहार आहे अण्णा. व्हल्कन म्हणतात त्याला. देवांची हत्यारं, दागिने, सगळं हाच घडवायचा."

"आन ती?"

"त्याची बायको. व्हीनस. प्रेमाची देवी."

"आन ह्यो?"

"युद्धाचा देव. तो तिचा... दुसरा."

अण्णांनी चष्मा सारखा केला. "मग लोहारानं काय केलं?"

"त्यानं दिसणारसुद्धा नाही इतकं बारीक जाळं घडवलं. तारेचं. पलंगावर बसवून ठेवलं. दोघं सापडली, तशी सगळ्या देवांना बोलावून आणलं, बघा म्हणून."

"समद्यास्नी?"

"हो."

"मग देव काय म्हनलं?"

"हसले."

"कुनाला? त्या दोघांस्नी का ह्याला?"

मला हे कुणी विचारलं नव्हतं. बाईंनीही सांगितलं नव्हतं. मी वरच्या ढगांतल्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्यांचे डोळे जाळ्याकडे होते की लोहाराकडे, रेघांवरून सांगता येईना.

"तिघांनाही असेल," मी म्हटलं.

अण्णांनी काचेवर वाकून जाळ्याच्या गाठी न्याहाळल्या. मग म्हणाले, "जाळं मातुर झकास घडवलंय," आणि कोरायच्या टेबलाकडे गेले.

बाईंनी त्यांना कोरणी दिली. लाकडी मूठ तळव्यात धरून ढकलायची असते. अण्णांनी ती उलटसुलट केली, नम्रपणे परत ठेवली आणि खुणेनं हातोडी मागितली. बाईंकडे टोकदार खिळाही होता. अण्णा स्टूल सोडून जमिनीवर मांडी घालून बसले. पत्रा मांडीजवळ लाकडावर ठेवला. आणि मग तो आवाज सुरू झाला. ठक ठक ठक, सारख्या अंतरानं, मध्ये क्षणभर थांबा, पुन्हा ठक ठक. आजूबाजूची माणसं आपलं काम थांबवून बघायला लागली. अण्णा मान वर करत नव्हते. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा ते एका जागी बसलेले मी पाहिले.

त्यांनी माझं नाव घातलं. भांड्यावर घालतात तसं, माझं, त्यांचं आणि आडनाव. खाली एक वेल. बाईंनी स्वतः शाई भरली, पुसली, पत्रा रुळाखाली घातला. सगळे भोवती जमले. ओला कागद उचलला आणि बाईंनी तो अण्णांपुढे धरला.

अक्षरं सगळी उलटी होती. नाव उजवीकडून सुरू झालेलं, काना डावीकडे, वेलांटी भलतीकडे, आडनाव सुरुवातीला. आरशात पाहावं तसं. छापायचं असेल तर उलटं कोरावं लागतं हे मला माहीत होतं. अण्णांना सांगायचं राहून गेलं. त्यांच्या हातून आजवर लाखभर नावं गेली असतील, पण भांड्याचं नाव भांड्यावरच राहतं. ते कुठे छापायचं नसतं.

"ह्ये काय झालं?" अण्णा म्हणाले.

देवनागरी कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे काय चुकलं हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी सांगितलं, तसे सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं. प्रत्येकाची पहिल्यांदा हीच चूक होते, एकीनं सांगितलं. बाई म्हणाल्या की जुने कारागीरसुद्धा दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करताना सरळच कोरायचे, मग छापात मदनाचा बाण डाव्या हातानं सुटायचा आणि योद्ध्याची तलवार भलत्याच कमरेला यायची. तेव्हाही लोक हसत असतील. मी त्याचं मराठी करून सांगत होते. अण्णा ऐकत नव्हते. भोवतीच्या हसऱ्या चेहऱ्यांवरून एकेक करून त्यांची नजर फिरत होती. कान लाल झाले होते.

बाईंनी कागद खिडकीच्या उजेडावर धरला, मागच्या बाजूनं. नाव सरळ दिसलं. अण्णांनी मान हलवली, "ग्रँड," म्हणाले, आणि कोट चढवला. कागद मी गुंडाळून घेतला, पत्रा त्यांनी खिशात टाकला.

परतीच्या ट्राममध्ये ते बसले. दोन-तीन थांबे गेले. मला वाटलं, आता हे जाईपर्यंत बोलणार नाहीत. मी यांना इथे आणून चार लोकांत हसं केलं, बाकी काही साधलं नाही. मी खिडकीबाहेर पाहत होते.

"डॉक्टर यातला कोन?" अण्णांनी विचारलं.

"कशातला?"

"लोहार, का पलंगावरचा?"

समोरच्या बाकावरच्या गोऱ्या म्हातारीला मराठी येत नव्हतं हे नशीब.

"दोन्ही नाही अण्णा. त्यांच्यात दुसरं कुणी नव्हतं. जमलं नाही, म्हणून वेगळे झाले."

"कोर्टात?"

"हो."

"कुनी कुनाला चारचौघांत वढलं न्हाई?"

"नाही."

अण्णांनी खिशातला पत्रा बाहेर काढला, अंगठ्यानं ठिपक्यांवरून फिरवला, परत ठेवला. "लोहार खुळा," ते म्हणाले. "येवढी कला हातात, आन घडवलं काय तर जाळं. पटत न्हाई तर काडी मोडायची आन सोडायचं."

काडीमोड हा शब्द मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकला होता, नंतर कधीच नाही. आमच्या जातीत पूर्वी पंचांसमोर गवताची काडी मोडायची, की नवरा-बायको सुटली. पुढे ती बाई पाट लावायला, म्हणजे दुसरं लग्न करायला मोकळी आणि पुरुषही मोकळा.

"माझ्या मावशीची मोडली हुती," अण्णा सांगायला लागले. "मी बारका हुतो, पन आठवतंय. काडी मोडली, समदी बसून चहा प्याली, आन सांजच्याला मावशी बैलगाडीत बसून गेली. वरसानं पाट लागला. कुनी हसलं न्हाई. आमी जरा बरं खायला लागलो, पोरं शाळंत गेली, तवा त्या काडीची लाज वाटायला लागली. मंग काय, जलमभर जाळ्यात." ट्रामनं वळण घेतलं. "त्याला उद्या जेवाय बोलव. मला एक इचारायचंय."

"काय?"

"त्याला इचारायचंय, तुला न्हाई."

तो दिवस आणि दुसरी सकाळ मी कशी काढली ते मला नीट आठवत नाही. डॉक्टरला फोन केला तर त्यानं आधी काय घालून येऊ ते विचारलं, मग काका काय विचारतील ते विचारलं, मग पुन्हा काय घालून येऊ. आईनं पुरण घातलं, मग म्हणाली, पुरणपोळी केली तर ठरलंच असं दिसंल, आणि त्याच पुरणाचे करंजीसारखे कडबू केले. त्यानं काय फरक पडला हे तिलाच ठाऊक.

डॉक्टर वेळेआधी आला आणि खाली पावसात उभा राहिला. मला खिडकीतून दिसला तेव्हा वर बोलावलं. जेवणं झाली. अण्णांनी गावचं विचारलं, शेतीचं, आई-वडिलांचं. डॉक्टर "हो ना काका", "नाही ना काका" करत होता. कडबू त्यानं एवढ्या घाईनं खाल्ले की जीभ भाजली. आईला हसू आवरेना. मग अण्णांनी हात पुसले.

"आदीची जी हुती, तिचं आता बरं हाय का?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. हा प्रश्न आम्ही दोघांनी धरलेल्या प्रश्नांत नव्हता.

"बरं आहे काका. तिनं लग्न केलं मागच्या वर्षी. अमरावतीला असते, शाळेत शिकवते. मी फोन केला होता तेव्हा."

"तू केलास का तिनं?"

"मी. अभिनंदन करायला."

"उचलला?"

"हो ना. बोलली चांगलं. म्हणाली, तुझंही होऊ दे."

आईनं डोळ्यांना पदर लावला, ते कांद्यामुळे म्हणाली, पण कांदा कधीच चिरून झाला होता. अण्णा उठले. मला वाटलं, आता पुन्हा नळाकडे जाणार. ते खिडकीपाशी गेले आणि फोन काढला. तिकडे गावात तेव्हा संध्याकाळ होती, दुकानात गर्दीची वेळ. अण्णांनी दुकानमालक शेठला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्यांना कमी ऐकू येतं.

"शेठ, मी बोलतोय."

"अरं बोल की मर्दा! हाईस कुटं? बर्फ पडलं का?"

"पाऊस हाय. ऐका. पोरीचं जमलंय."

"वा वा वा! पाव्हनं कुठलं?"

"नागपूरकडलं. डॉक्टर हाय. हितल्या सरकारी दवाखान्यात."

"आरं तिच्या! नशीब काढलंस की. डॉक्टर जावई, आन त्यो बी फॉरेनचा..."

"बिजवर हाय."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी ताटं मोजत होतं.

"म्हंजे रं?"

"म्हंजे पयलं लगीन मोडलंय. कोर्टात. रीतसर. तिचं बी दुसरं झालंय. समदं चांगलं हाय."

"मग आपल्या पोरीत काय उणं हुतं का? येवढी शिकलेली... गाव काय म्हनंल, याचा इचार केलास का?"

"म्हनूनच तुमास्नी सांगतोय. तुमी सांगितलं की गावात दवंडी पिटायची गरज न्हाई. समद्यास्नी सांगा. आन मीच सांगितलं म्हनून सांगा."

शेठ हसला की खोकला ते कळलं नाही. "बरं," म्हणाला. "बरं. तू कदी येतूस?"

"येतोय की. पायरीवर माझं बसायचं पोतं हाय तसं ऱ्हाऊ द्या."

फोन ठेवल्यावर मी अण्णांच्या पाया पडायला पुढे झाले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. आनंद झाला का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. सकाळची काळजी होती तशीच होती. फक्त आता ती माझ्यासाठी नव्हती, त्यांच्यासाठी होती. मी इथे राहणार होते, तिथे बसणार होते ते.

"आता बोलतील चार दिस," अण्णा म्हणाले. "मी जाईस्तवर दमतील."

"दमत न्हाईत ती," आई म्हणाली.

"मग माझ्या तोंडावर बोलतील. आयकतो की."

डॉक्टर कप उचलायला लागला. त्याला काय करावं सुचत नव्हतं. त्यानं सगळे कप एकात एक रचले आणि तसेच हातात धरून उभा राहिला. तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. माझे चुलते. बातमी दुकानातून चौकात पोचायला कपभर चहाचासुद्धा वेळ लागला नव्हता.

अण्णांनी नाव पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फोन वाजतच होता.

"चहाचं आदन ठेव जरा," ते मला म्हणाले, आणि घसा साफ करून फोन कानाला लावला. "हां, बोल. व्हय, खरं हाय."